किसानला ३ बाय ३ चा स्टॉल आहे, लीड (म्हणजे पुढे गिऱ्हाईक होतील अशांची नावं-नंबर) गोळा करायला नक्की काय वापरता?

चारजणांची_एजन्सी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. पुण्यात आमची छोटी कम्युनिकेशन एजन्सी आहे, छोटी म्हणजे चार माणसं आणि एक प्रिंटर, त्यातला प्रिंटर पण मूडमध्ये असला तर चालतो. ब्रोशर, सोशल मीडिया, कारखान्याची फिल्म, दिवाळीच्या गिफ्टबॉक्सचं डिझाइन, जे येईल ते करतो.

सांगलीकडचा एक क्लायंट आहे, ठिबकचे फिल्टर, व्हॉल्व्ह, व्हेंच्युरी (ठिबकमधनं खत सोडायचं साधन) बनवतात. माल चांगलाय, जवळच्या दोन-तीन जिल्ह्यांत डीलर आहेत, त्यापलीकडे नाव नाही. दर डिसेंबरात मोशीला किसान या शेती प्रदर्शनात स्टॉल घेतात, पाच दिवस अख्खी टीम तिथे, शेवटच्या संध्याकाळी वह्या आणि व्हिजिटिंग कार्डांचं खोकं गाडीत टाकून परत. मार्चमध्ये मालक विचारतात की यातून धंदा किती आला, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात. मी ते खोकं उघडून बघितलंय. वहीत "पाटील, बारामती" एवढंच, पुढे मोबाइल नंबर आणि त्यात आकडे नऊ. आता बारामतीतले कुठले पाटील शोधायचे सांगा.

यंदा सगळं आमच्याकडे दिलंय, स्टॉल डिझाइन ते नंतरचा फॉलोअप. जागा ३ बाय ३ मीटर, शेल स्कीम (आयोजक पॅनलं लावून तयार देतात तो स्टॉल), कॉर्नर मिळालाय म्हणजे दोन बाजू उघड्या. मालकांचा पुतण्या मार्केटिंग बघतो, तो बंगळुरूला इमटेक्स हे मशीन टूलचं प्रदर्शन बघून आलाय आणि तेव्हापासून त्याला बॅज स्कॅनर पाहिजे, एलईडी वॉल पाहिजे, व्हीआर चष्मा पाहिजे (फिल्टरच्या आतून पाणी वाहताना दाखवायचं म्हणे). मुलगा हुशार आहे, चेष्टा करत नाहीये, पण बजेट बघितलं तर चष्मा घेतला की फ्लेक्सला पैसे उरत नाहीत.

तर विचारायचं असं की शेतकरी प्रदर्शनात लीड कशावर घेता, गुगल फॉर्म, व्हॉट्सअॅप, टॅबलेट का सरळ कागद? क्यूआर लावला तर लोक स्कॅन करतात का? व्हॉट्सअॅपचं साधं बिझनेस अॅप पुरतं का एपीआय (सॉफ्टवेअरला जोडून मेसेज पाठवायची सेवा) घ्यावं लागतं? आणि शेवटचं, जे विचारायला लाज वाटते पण विचारतो, या सगळ्याचे आम्ही लावायचे किती आणि कसे? आत्तापर्यंत डिझाइनचं बिल करायचो आणि विषय संपायचा, हे पाच दिवस उभं राहणं आणि नंतरचे महिने कुठल्या हिशोबात धरायचे कळत नाहीये.

भोसरी_एमआयडीसी

आम्ही मशीन टूलवाले, इमटेक्सला पण जातो आणि ग्रुपमधली एक कंपनी शेती अवजारात आहे म्हणून किसानला पण असतो, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो. पुतण्यानं जे बघितलं ते तिथे बरोबरच आहे. इमटेक्सला येणारा माणूस आधी नोंदणी करून येतो, गळ्यात बॅज असतो, त्यावर कोड, त्यात त्याचं नाव, कंपनी, हुद्दा आधीच भरलेलं असतं, तुम्ही नुसतं टिपायचं. तो माणूस परचेस किंवा प्रॉडक्शनचा असतो आणि कंपनीच्या वेळेत आलेला असतो. मोशीत माणूस पहाटे गावातून जीप भरून निघालेला असतो, बरोबर भाऊ, मेहुणा, कधी घरची बायकामंडळी, आणि त्याला संध्याकाळपर्यंत सगळी दालनं बघून परत जायचं असतं. त्याच्यासमोर आठ रकान्यांचा फॉर्म धरलात तर तो "येतो फिरून" म्हणेल आणि तो येत नसतो.

गुगल फॉर्मचा दुसरा घोळ म्हणजे नेटवर्क. दुपारी गर्दी भरली की एवढ्या माणसांचे एवढे फोन एका जागी, फॉर्मचं पान गोल गोल फिरत बसतं. व्हॉट्सअॅपचं बरं असतं, मेसेज पाठवला की घड्याळाची खूण येऊन थांबतो आणि रेंज मिळाली की आपोआप जातो, माणूस तोवर तीन स्टॉल पुढे गेला तरी चालतं. म्हणून आम्ही बिझनेस अॅपमधनं शॉर्ट लिंकचा क्यूआर काढतो, त्यात मेसेज आधीच भरून ठेवता येतो, "नमस्कार, किसान प्रदर्शन, फिल्टरची माहिती पाठवा" असा. त्यानं स्कॅन करून फक्त पाठवा दाबायचं. नंबर त्याच्याच फोनवरनं येतो म्हणजे तुमचा नऊ आकड्यांचा प्रश्न तिथेच मिटला. एकाच नंबरला मुख्य फोन सोडून चार डिव्हाइस जोडता येतात, तेव्हा स्टॉलवरच्या दोघातिघांनी आपापल्या फोनवर तोच इनबॉक्स उघडून ठेवायचा. फक्त डिव्हाइस आदल्या दिवशी ऑफिसमध्येच जोडून घ्या, स्टॉलवर जोडायला बसू नका.

पण नुसता नंबर घेऊन उपयोग नाही. तुमच्या मालाला एक प्रश्न असा आहे की त्यावर सगळं ठरतं, पाणी कुठलं? विहिरीचं का बोअरचं, कॅनॉलचं का शेततळ्याचं. शेततळ्यात, कॅनॉलला शेवाळ आणि गाळ, तिथे सँड फिल्टर आणि पुढे स्क्रीन किंवा डिस्क, बोअरमधनं वाळू येत असेल तर आधी हायड्रोसायक्लॉन. म्हणजे हा एक प्रश्न विचारला की कुठला माल, किती रुपयाचा, हे निम्मं कळलं. मग एकर, पीक, मोटर किती एचपी, तालुका. बस. हे कागदावर घ्या, पोस्टकार्डाच्या आकाराचं पॅड छापा, खुणा करायच्या चौकटी, लिहायचं फक्त नाव, गाव आणि शेवटचे चार आकडे म्हणजे व्हॉट्सअॅपशी जुळवता येतं. संध्याकाळी हॉटेलवर एकानं शीटमध्ये भरायचं. रोजचं रोज. पाच दिवसांचं एकदम भरू म्हणालात की खोकं पुन्हा तयार.

व्हीआर चष्म्याबद्दल, एकाला घातला की बाकीचे चौघं त्याच्याकडे बघून हसतात आणि तुमची ९ चौरस मीटर जागा अडते.

फ्लेक्सवाला_नाना

मी प्रिंटिंग आणि स्टॉल फॅब्रिकेशनमध्ये आहे, एजन्सीवाल्यांकडून ज्या फायली येतात त्यावर मी एक वेगळंच प्रदर्शन भरवू शकतो. काही गोष्टी आत्ताच सांगतो म्हणजे आदल्या रात्री फोन नको.

मराठी मजकूर कर्व्हज करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून पाठवा, मग फॉन्ट लागत नाही. तुमच्याकडे युनिकोड फॉन्ट असतो, आमच्या दुकानातल्या कोरलमध्ये जुनी श्रीलिपी चालते, फाइल उघडली की जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसतो आणि पोरगं ते तसंच छापायला लावतं कारण त्याला रात्रीत अजून बारा फ्लेक्स काढायचे असतात. एका स्टॉलवर "सिंचन"चं काय झालेलं मी बघितलंय ते इथे टाइप पण करता येत नाही. आणि कर्व्हज करण्याआधी तुमच्या इलस्ट्रेटरमध्येच नीट दिसतंय का ते बघा, तिथे टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय चालू नसेल तर मुळातच फुटलेलं असतं, मग कर्व्हज करून फुटलेलंच पक्कं होतं. फॉन्ट मुक्ता घ्या, बालू घ्या, दोन्ही फुकट आहेत आणि लांबून वाचता येतात. बारीक कलाकुसरीचे फॉन्ट लग्नपत्रिकेला ठेवा.

शेल स्कीमची पॅनलं १ मीटर रुंद असतात पण खांबांमुळे दिसणारी जागा थोडी कमी भरते. आयोजकांचं मॅन्युअल येतं त्यात माप दिलेलं असतं, ते मॅन्युअल कुणी वाचत नाही आणि मग कंपनीच्या नावातलं शेवटचं अक्षर खांबामागे जातं. खिळे ठोकायचे नाहीत, फेव्हिकॉल लावायचा नाही, पॅनल खराब झालं की पैसे कापतात. डबल टेप, आणि चांगला डबल टेप, थंडीत सकाळी हलका टेप सुटतो.

क्यूआरबद्दल. जेवढ्या अंतरावरून स्कॅन करायचाय त्याच्या साधारण दहावा भाग मोठा पाहिजे, म्हणजे माणूस १ मीटरवर उभा असेल तर १० सेंटिमीटर. गर्दीत तो दीड-दोन मीटरवर असतो तेव्हा २० सेंटिमीटर धरा. लावायचा छातीच्या उंचीला, खाली टेबल येतं, टेबलासमोर माणसं येतात, गुडघ्याच्या उंचीवरचा क्यूआर कुणाला दिसणारे? ग्लॉस लॅमिनेशन नको, वर स्पॉटलाइट असतो त्याची चमक बरोबर कोडवर पडते, मॅट घ्या. काळ्यावर पांढरा, हिरव्यावर पिवळा असली डिझायनरगिरी नको, पांढऱ्यावर काळा आणि भोवती कोरी जागा सोडा. मधोमध लोगो टाकायचाच असेल तर एरर करेक्शन एच लेव्हलवर ठेवून काढा, ३० टक्क्यांपर्यंत भाग झाकला गेला तरी वाचतो असं म्हणतात, पण म्हणतात म्हणून ३० टक्के झाकू नका.

अजून एक, फुकटच्या वेबसाइटवरून डायनॅमिक क्यूआर (आधी त्यांच्या साइटवर जाऊन मग तुमच्या लिंकवर नेणारा) काढू नका. ट्रायल संपली की तुमचा कोड त्यांच्या पैसे भरा पानावर जातो आणि तोवर तो दोन हजार पत्रकांवर छापून गावोगाव पोचलेला असतो. व्हॉट्सअॅपची लिंक सरळ आत असलेला साधा स्टॅटिक कोड काढा, तो कधी संपत नाही.

एलईडी वॉल ३ बाय ३ ला वेडेपणा आहे, एवढ्या जवळून नुसते ठिपके दिसतात आणि डोळे दिपतात. ४३ इंची टीव्ही भाड्यानं घ्या, स्टँडसकट. फिल्म एमपी४ मध्ये, पेन ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर मावत नाही हे लक्षात ठेवा. काही टीव्ही पेन ड्राइव्हवरचा व्हिडिओ संपला की मेन्यूवर येऊन थांबतात, रिपीट होतो का ते टीव्ही ताब्यात घेतानाच बघा. आवाजाच्या भरवशावर राहू नका, शेजारी ट्रॅक्टरवाला असेल आणि त्याचा स्पीकर तुमच्या स्टॉलएवढा असेल. खाली मोठ्या अक्षरात मराठी ओळी टाका.

मीरा_नाशिकरोड

वरचं दोघांचंही पटलं पण सगळे स्टॉलच्या दिवसांबद्दलच बोलतायत. पैसे सोमवारी बुडतात. प्रदर्शन रविवारी संपलं, सोमवारी टीम सुट्टीवर, मंगळवारी कारखान्यात साठलेली कामं, आणि तुमच्या इनबॉक्समध्ये "माहिती पाठवा" म्हणणारी माणसं वाट बघतायत. त्यांना दुसऱ्या कंपनीचा फोन तोवर येऊन गेलेला असतो. मी एका बियाणं कंपनीचं मार्केटिंग बघते आणि दरवर्षी सगळ्यात आधी ठरवते ते एवढंच की सोमवारी सकाळी फोनवर कोण बसणार. नावासकट. "टीम करेल" हे उत्तर मी घेत नाही.

व्हॉट्सअॅपचं एक नीट समजून घ्या, बऱ्याच जणांना माहीत नसतं. साध्या बिझनेस अॅपमधनं ब्रॉडकास्ट लिस्ट करता येते, एका लिस्टमध्ये २५६ जण, पण तो मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. म्हणजे तुम्ही खूश की सगळ्यांना गेलं आणि प्रत्यक्षात बहुतेकांना गेलंच नाही. म्हणून स्टॉलवर मेसेज आला की लगेच उलट तुमचं काँटॅक्ट कार्ड पाठवा आणि समोर उभं राहून म्हणा, काका सेव्ह करून ठेवा, फिल्टर तुंबला की याच नंबरवर फोटो पाठवा. फोटो पाठवा म्हटलं की सेव्ह करतात, "ऑफर कळवू" म्हटलं की नाही करत.

एपीआयला प्रत्येक मार्केटिंग मेसेजचे पैसे लागतात, टेम्प्लेट आधी मंजूर करून घ्यावं लागतं, आणि समोरच्यानं मेसेज केल्यापासून २४ तासच तुम्हाला मोकळेपणानं उत्तर देता येतं, नंतर पुन्हा टेम्प्लेट. तुमच्या क्लायंटच्या आकाराला यंदा साधं अॅप पुरे. लेबलं वापरा. आमची लेबलं पाण्यावर नाहीत पण तुमची असावीत असं मला वरचं वाचून वाटतंय, बोअर, शेततळं, कॅनॉल, आणि एक वेगळं, ठळक रंगाचं, डीलर.

डीलरबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. एक फिल्टर घेणारा शेतकरी आणि वर्षाला शंभर फिल्टर विकणारा कृषी सेवा केंद्रवाला हे तुमच्या वहीत एकाखाली एक, एकाच पेननं लिहिलेले असतात. तुमच्या क्लायंटला डीलर हवेत ना? मग प्रदर्शनाचा खरा माल तो आहे. तो माणूस सहसा उशिरा येतो, घोळक्यात येत नाही, ब्रोशर उचलत नाही, आधी मालाचं वजन हातात घेऊन बघतो आणि मग हळूच विचारतो "आमच्या भागात कोण आहे तुमचं?" हा प्रश्न ऐकला की स्टॉलवरच्या पोरानं पत्रक द्यायचं नाही, मालकांना हाक मारायची. एक खुर्ची, एक चहा, कमिशन आणि उधारीची बोलणी. त्यासाठी मालक पाचही दिवस नाही पण दुपारनंतर तरी स्टॉलवर पाहिजेत.

आणि हो, स्टॉलवरच्या पोरांना अनुदान पाठ करून घ्या. ठिबकवाल्याला पहिला प्रश्न तोच येणार. केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेतनं अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि बाकीच्यांना ४५, त्यावर राज्याची भर घालून ८० आणि ७५ पर्यंत जातं, हेक्टरी ठरलेल्या खर्चाच्या मर्यादेत, अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर. ते पूर्ण संचाला असतं, नुसत्या सुट्या फिल्टरला नाही, हे खरं खरं सांगा. गोलमाल उत्तर दिलं की शेतकरी लगेच ओळखतो.

हॅनोव्हरवाला

मी जर्मनीत असतो, कंपनी दरवर्षी हॅनोव्हर मेसेला स्टॉल लावते. इथे निम्म्या भेटी आधीच कॅलेंडरवर ठरलेल्या असतात आणि कार्ड स्कॅन केलं तरी पुढे मेल पाठवू का याची परवानगी तिथेच घेतात, डेटा संरक्षणाचा कायदा कडक आहे. भारतातही २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा आलाय, तेव्हा त्या पॅडवर "माहिती पाठवण्यासाठी संपर्क करू शकता" अशी एक चौकट आत्तापासून ठेवलीत तर बरं. आधी अपॉइंटमेंट घ्यायची पद्धत डीलरच्या बाबतीत करता येईल का?

भोसरी_एमआयडीसी

हॅनोव्हरवाले, चौकटीचं पटलं. अपॉइंटमेंटचं म्हणाल तर "गुरुवारी अकरा वाजता" असं मोशीत ठरवलंत तर तो शुक्रवारी दुपारी दोघांना घेऊन येतो, आणि बोलणी चांगली होतात. पण आधी फोन करून "आम्ही अमुक दालनात आहोत, चहाला या" हे सांगणं जमतं, आणि ते कुणी करत नाही.

तासगाव_द्राक्ष

मी शेतकरी हाय, द्राक्षबाग हाय, किसानला वर्षाआड तरी जातोच. वर सगळं वाचलं, शहाणी माणसं हायसा, पण आमच्या बाजूनं पण ऐका जरा. आम्ही स्टॉलवर येतो तेव्हा पोरगं मोबाइलमधी बघत बसल्यालं असतंय, आम्ही दोनदा खाकरल्यावर वर बघतंय आणि पत्रक हातात देतंय. त्या पत्रकावर कंपनीच्या मालकाचा फोटो, मंत्र्यासोबतचा फोटो, कारखान्याचा फोटो. फिल्टर कुठं हाय? रेट कुठं हाय? रेट विचारला की "डीलरकडं मिळंल". मग तुम्ही हितं कशाला आलाय राव.

मला फिल्टर उघडून बघायचा असतो. झाकण किती आट्यात निघतंय, जाळी हातानं निघती का पान्हा लागतोय, रबर कसलं हाय, ते फाटलं तर तालुक्याला मिळंल का सांगलीला यायला लागंल. बागंत गडी असतोय, त्याला रोज जाळी धुवायची असती, त्याला जमंल का हा माझा प्रश्न असतोय, तुमच्या टीव्हीवर निळं पाणी फिरतंय त्याचं मला काय करायचंय. एक फिल्टर मधनं उभा कापून ठेवा, आतली वाळू, जाळी दिसू द्या. आणि दोन प्रेशर गेज लावून दाखवा की फरक किती वाढला म्हंजे बॅकवॉश मारायचा (उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायचा), निम्म्या शेतकऱ्याला ते कुणी सांगितल्यालंच नसतंय, कंपनीचा फिटर गेज लावून जातो आणि त्यो काटा शोभंला ऱ्हातोय.

क्यूआरचं म्हणाल तर आम्ही पण स्कॅन करतो, चहाचं पैसं त्यानंच देतोय की. पण स्कॅन केल्यावर इंग्रजी वेबसाइट उघडली तर बंद. मराठीत दोन मिनिटाचा व्हिडिओ आला, जाळी कशी धुवायची ह्याचा, तर आम्ही त्यो गावच्या ग्रुपवर टाकतोय. तुमचा फ्लेक्स न्हाई टाकत कुणी ग्रुपवर.

सुट्टा_फ्रीलान्सर

पैशांचं कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. एकरकमी आकडा सांगू नका. तीन तुकडे करा. प्रदर्शनाआधीचं काम, म्हणजे डिझाइन, फिल्म, पॅड, क्यूआर, याचं नेहमीसारखं कोटेशन. प्रदर्शनातले दिवस, माणसामागे रोजचा दर, येणंजाणं राहणं वेगळं, आणि त्यात मांडणीचा आदला दिवस धरा, तो सगळे विसरतात. तिसरं नंतरचं, तीन महिन्यांचा मासिक रिटेनर (दरमहा ठरलेली फी), आणि त्यात लिहून ठेवा की एजन्सी काय करणार (शीट, मेसेज, व्हिडिओ, आठवड्याचा रिपोर्ट) आणि कंपनी काय करणार (फोन, रेट देणं, डीलरकडे माणूस पाठवणं). हे लिहिलं नाहीत तर मार्चमध्ये मालक "धंदा किती आला" हे तुम्हाला विचारणार. विक्रीवर टक्केवारी मागायचा मोह होईल, नका मागू, फोन त्यांच्या माणसाच्या हातात आहे आणि हिशोब पण त्यांच्याच वहीत.

स्टॉलभाडं, फॅब्रिकेशन, टीव्ही, प्रिंटिंग यांची बिलं सरळ क्लायंटच्या नावानं काढायला लावा. तुमच्या बिलात घेतलंत तर अख्ख्या रकमेवर टीडीएस कापला जातो, तुमची खेळती रक्कम अडकते आणि वर तुमचा टर्नओव्हर उगाच फुगतो. भाड्यावर १८ टक्के जीएसटी असतो, बिल त्यांच्या नावावर असेल तर क्रेडिट त्यांनाच सरळ मिळतं. तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर करून घ्या, फुकट होते. मायक्रो किंवा स्मॉलचं पेमेंट लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे लांबवलं आणि मार्चअखेरपर्यंत दिलं नाही तर त्या वर्षी त्यांना तो खर्च आयकरात धरता येत नाही, त्यामुळे मार्चच्या आधी अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात, हा चमत्कार मी बघितलाय. क्लायंट पण उत्पादक आहे, त्यांनीही केंद्राच्या एमएसएमई खात्याची मार्केटिंग मदतीची योजना बघावी, ठराविक प्रदर्शनांना सूक्ष्म-लघु उद्योगांना स्टॉलभाड्याचा बराचसा भाग परत मिळतो. तुमचं प्रदर्शन त्यात बसतं का हे आधी विचारून घ्या, नंतर पावत्या घेऊन जाण्यात अर्थ नाही.

चारजणांची_एजन्सी

मंडळी, आज पुतण्याबरोबर बसलो आणि हे सगळं त्याला वाचून दाखवलं. तासगावकरांचं वाचल्यावर तो गप्प झाला आणि मग म्हणाला कापलेला फिल्टर आम्हीच कारखान्यात करून देतो, दोन करतो, एक सँड एक डिस्क, कडा घासून, रंग मारून. व्हीआरचा विषय त्यानंच काढून टाकला. एलईडी वॉलवर थोडा अडला होता पण नानांचं ठिपक्यांचं वाक्य कामी आलं.

आत्ता असं ठरतंय की टेबल समोर न लावता बाजूला, पुढे कापलेले दोन फिल्टर आणि एक चालू, छोट्या पंपावर, दोन गेज लावून. पाण्याचं आणि पंपाच्या विजेचं आयोजकांना विचारतोय. टीव्ही मागच्या भिंतीवर, त्यावर जाळी धुवायचा व्हिडिओ, तो आम्ही कारखान्यात नाही तर एका बागेत शूट करणार आहोत आणि जाळी गड्यालाच धुवायला लावणार. स्कॅन केलं की व्हॉट्सअॅपवर तोच व्हिडिओ आणि किरकोळ रेटचा एक फोटो जाईल. रेट द्यायला मालक तयार नव्हते, डीलर चिडतील म्हणाले, मग एमआरपी द्यायची असं ठरलं. सोमवारी फोनवर बसायला एका बाईंचं नाव ठरलंय, त्या कारखान्यात डिस्पॅच बघतात आणि त्यांना फिल्टरचं सगळं तोंडपाठ आहे, पुतण्यापेक्षा जास्त. मीराताई, तुमचा तो डीलरचा भाग मालकांना इतका पटला की ते आता पाचही दिवस येतो म्हणतायत, यात आनंद मानायचा का काळजी करायची कळत नाही.

एक राहिलं. मालकांना व्हॉट्सअॅपवर एआय चॅटबॉट पाहिजे, कुणीतरी लिंक पाठवलीय त्यांना. रात्री दहा वाजता प्रश्न आला तर उत्तर कोण देणार असं त्यांचं म्हणणं.

मीरा_नाशिकरोड

रात्री दहाला बिझनेस अॅपचा अवे मेसेज देईल ना उत्तर, "मेसेज मिळाला, सकाळी नऊ ते अकरा फोन करतो". आणि मग खरंच करायचा. क्विक रिप्लाय करून ठेवा, अनुदान, रेट, जवळचा डीलर, जाळी धुणं, नेहमीचे प्रश्न तेवढेच असतात. बॉटनं एखाद्या शेततळंवाल्याला नुसती स्क्रीन घ्या सांगितलं आणि लॅटरल (ठिबकच्या नळ्या) चोक झाल्या तर तो बॉटला नाही, मालकांना धरणार. आणि मालक पाच दिवस येतायत तर उत्तम, फक्त त्यांना एलईडी वॉलवाल्या स्टॉलांपासून लांब ठेवा.

तासगाव_द्राक्ष

चालू फिल्टर ठेवताय तर गढूळ पाणी घाला त्यात. स्वच्छ पाणी गाळून काय दावणार. बादलीत माती कालवा, हिकडनं गढूळ तिकडनं नितळ, हलणार न्हाई माणूस तिथनं.

फ्लेक्सवाला_नाना

गढूळ पाणी ठेवणार असाल तर खाली ट्रे आणि ताडपत्री आधी सांगा, कार्पेट आयोजकांचं असतं. आणि फॅसियावरचं (स्टॉलच्या वरच्या नावाच्या पट्टीवरचं) नाव मराठीत पाहिजे का इंग्रजीत ते फॉर्ममध्ये भरून द्यायची तारीख असते, ती बघितलीय का कुणी? न भरल्यास बिलावरचं नाव छापतात, प्रायव्हेट लिमिटेडसकट.